पाटीवरील सात अक्षरे

रस्त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक वाहनाला क्रमांकाची पाटी असते. अपघात घडला, गाडी चोरीस गेली किंवा दंडाची पावती हाती पडली, तरच आपल्याला तिची आठवण होते. वास्तविक ही पाटी केवळ क्रमांक सांगत नाही, गावही सांगते. आपल्या देशात १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या पद्धतीनुसार सर्वसाधारणपणे पहिली दोन अक्षरे राज्याची आणि त्यापुढील आकडे नोंदणी कार्यालयाचे असतात. 'एमएच ०४' म्हणजे ठाणे, 'एमएच ४८' म्हणजे वसई-विरार, 'जीए' म्हणजे गोवा, हे शाळकरी मुलेही ओळखतात. वेलंकणीच्या यात्रेत इतक्या दूरवर आपल्याकडची पाटी दिसली की पावले आपोआप थांबतात आणि 'तुम्ही कुठले?' अशी विचारपूस सुरू होते.

परंतु जी खूण मित्राला ओळख देते, तीच वैऱ्यालाही देते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला, तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राच्या पाट्या असलेल्या मालमोटारींवर दगडफेक झाली आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. त्या चालकांचा सीमावादाशी काय संबंध होता? दगड मारणाऱ्याने माणूस पाहिलाच नव्हता. त्याने दोन अक्षरे पाहिली होती.

ही रीत फार जुनी आहे. पवित्र शास्त्रातील 'शास्ते' या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उताराची भीषण कथा आली आहे. गिलादाची माणसे तेथे पहारा करीत होती. पळून जाणाऱ्या प्रत्येकाला ती 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला लावीत. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' असा उच्चार येई, तो एफ्राइमी ठरे आणि तेथेच मारला जाई. एका अक्षराच्या उच्चारापायी बेचाळीस हजार माणसे मारली गेली, असे तो ग्रंथ सांगतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील एका देशात यार्देनचा तो उतार पुन्हा अवतरला. या वेळी परीक्षा उच्चाराची नव्हती, गाडीच्या पाटीची होती. त्या देशाचे नाव बोस्निया-हर्झगोविना.

हा देश पूर्वी युगोस्लाव्हियाचा भाग होता. त्या काळी पाटीवर शहराची दोन अक्षरे, मध्ये एक तांबडा तारा आणि पुढे आकडे असत. साराएवोची गाडी, मोस्तारची गाडी, बान्या लुकाची गाडी, एवढेच त्यावरून कळे. गाडीत बसलेला मनुष्य मशिदीत जाणारा बोस्नियाक आहे, ऑर्थोडॉक्स सर्ब आहे की कॅथोलिक क्रोएट, हे पाटी सांगत नसे. १९९१ च्या जनगणनेनुसार सुमारे ४४ लाख लोकसंख्येत बोस्नियाक सुमारे ४३ टक्के, सर्ब ३१ टक्के आणि क्रोएट १७ टक्के होते. एकाच गल्लीत तिन्ही समाज राहत, त्यांच्यात सोयरिकीही होत. बोलीही जवळजवळ एकच. फरक प्रामुख्याने धर्माचा, आणि काही अंशी लिपीचा. सर्ब समाजाला सिरिलिक लिपीचा अभिमान, तर इतर दोघांचा व्यवहार रोमन लिपीत.

१९९२ साली युद्ध भडकले आणि साडेतीन वर्षे चालले. सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. वीस लाखांहून अधिक, म्हणजे जवळजवळ निम्मा देश, घराबाहेर फेकला गेला. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष व मुलगे ठार करण्यात आले. सर्वांचे अपराध सारख्या मापाचे नव्हते; तरी आपल्या धर्मबांधवांचे हातही स्वच्छ राहिले नाहीत, हे कॅथोलिक वाचकांनी विसरू नये. मोस्तारचा सोळाव्या शतकातील विख्यात दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी कोसळला, तो क्रोएट सैन्याच्या तोफांनी.

डिसेंबर १९९५ मध्ये शांतता करारावर सह्या झाल्या. अमेरिकेतील डेटन येथे ठरलेला म्हणून तो 'डेटन करार' या नावाने ओळखला जातो. त्याने देश एक ठेवला, परंतु त्याचे दोन घटक केले: बोस्नियाक व क्रोएट यांचे संघराज्य आणि सर्बांचे 'रेपुब्लिका सर्पस्का'. दोहोंमधून हजारभर किलोमीटर लांबीची सीमारेषा गेली. देशात कोठेही मुक्तपणे संचार करण्याचा आणि आपल्या मूळ घरी परतण्याचा हक्क कराराने प्रत्येकाला दिला.

कागदावरचा हक्क रस्त्यावर मात्र अडला. युद्धकाळात तिन्ही पक्षांनी आपापल्या पाट्या काढल्या होत्या. बोस्नियाकांच्या पाटीवर कमळासारख्या फुलाचे चिन्ह, क्रोएटांच्या पाटीवर तांबड्या-पांढऱ्या चौकटींची ढाल, सर्बांच्या पाटीवर सिरिलिक अक्षरे. दुरूनच कळे, कोण येत आहे ते. पोलीस गाडी अडवीत, तासन् तास थांबवून ठेवीत, नसलेले कर वसूल करीत. कोठे दगड येत, कोठे मार बसे. सीमारेषेवर ना कुंपण होते ना भिंत. तरीही ती ओलांडण्याचे धाडस फार थोडे करीत. आपले जळालेले घर पाहण्यास, आईबापांच्या थडग्यावर मेणबत्ती लावण्यास दहा मैलांवर जावे, तर गाडीची पाटीच वैरी होई. अखेर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने १९९६ मध्ये सीमारेषेपलीकडे जाणाऱ्या बसगाड्या सुरू केल्या, तेव्हा सामान्य माणसाला थोडी वाट मिळाली.

एप्रिल १९९७ मध्ये परमगुरू जॉन पॉल दुसरे साराएवोस आले. १९९४ साली युद्ध चालू असताना त्यांना यायचे होते, परंतु ती भेट रद्द करावी लागली होती. या खेपेस ते पोहोचण्याच्या काही तास आधी त्यांच्या मार्गावरील एका पुलाखाली वीसहून अधिक सुरुंग सापडले. तरीही ते त्याच शहरात उतरले आणि दुसऱ्या दिवशी क्रीडांगणावर, हिमवर्षावात, त्यांनी मिस्सा अर्पण केली. परमगुरूंच्या मार्गावर सुरुंग पेरले जात असतील, तर साध्या शेतकऱ्याने आपली जुनी मोटार कोणत्या भरवशावर बाहेर काढावी?

कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी नेमलेला होता. त्या वेळी त्या पदावर कार्लोस वेस्टेनडॉर्प हे स्पॅनिश मुत्सद्दी होते. स्थानिक नेत्यांचे एकमत होईना, तेव्हा स्वतः निर्णय लादण्याचे अधिकार त्यांना डिसेंबर १९९७ मध्ये मिळाले. पुढच्या काही महिन्यांत देशाला नवा ध्वज मिळाला, समान चलन मिळाले आणि १९९८ च्या आरंभापासून सर्व वाहनांसाठी एकच पाटी आली.

या पाटीची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तीन आकडे, एक अक्षर, पुन्हा तीन आकडे. ना ध्वज, ना चिन्ह, ना शहराचे नाव. क्रमांक शहरवार न देता सरमिसळ करून दिले गेले. म्हणून साराएवोची गाडी कोणती आणि बान्या लुकाची कोणती, हे पाटीवरून कळण्याचा मार्गच उरला नाही. प्रश्न राहिला एका अक्षराचा. ते रोमन घ्यावे तर सर्ब नाराज, सिरिलिक घ्यावे तर इतर दोघे. त्यावर काढलेली तोड साधी व सुंदर होती. दोन्ही लिपींत ज्यांचे रूपही एक आणि उच्चारही एक, अशीच अक्षरे निवडली गेली: ए, ई, जे, के, एम, ओ आणि टी. केवळ दिसायला सारखी असलेली अक्षरे वगळली गेली. रोमन 'पी'सारखे दिसणारे अक्षर सिरिलिकमध्ये 'र' असते, 'सी'सारखे 'स', 'एच'सारखे 'न', 'बी'सारखे 'व'. एकच पाटी दोघांनी निरनिराळी वाचली असती. सात अक्षरे आणि सहा आकडे मिळून सत्तर लाख क्रमांक होतात. एवढ्याशा देशाला ते पुरेसे होते. २००९ च्या सुमारास पाटीवर एकाऐवजी दोन अक्षरे आली, परंतु तीही त्याच सातांतील.

परिणाम लवकरच दिसला. जी सीमारेषा ओलांडताना छाती धडधडे, तिच्यावरून गाड्या जाऊ लागल्या. बाजार, नातलगांची भेट, घराची डागडुजी, दफनभूमीची साफसफाई, यांसाठी माणसे पलीकडे जाऊ लागली. २००४ सालापर्यंत दहा लाख विस्थापित आपापल्या घरी परतल्याची नोंद झाली. त्याचे सारे श्रेय पाटीचे नव्हे. शांतिसेना, घरांच्या मालकीविषयीचे कायदे, पुनर्बांधणीचा निधी, हे सारे त्यामागे होते. परंतु घरी परतायचे तर आधी रस्त्यावर निर्भयपणे निघता आले पाहिजे, आणि ते या पत्र्याच्या तुकड्याने साध्य केले.

पाटी किती पेटू शकते, हे कोसोवोत २०२२ साली पुन्हा दिसले. तेथील सर्ब रहिवाशांनी सर्बियाने दिलेल्या पाट्या बदलाव्यात, असा आदेश निघताच रस्ते अडवले गेले, सर्ब पोलिसांनी व न्यायाधीशांनी राजीनामे दिले, आणि नोव्हेंबरात ब्रुसेल्स येथे तडजोड झाली तेव्हा कोठे तेढ काहीशी सैल झाली.

बोस्नियाच्या पाटीचे सामर्थ्य सांगताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. गाडीची ओळख पुसली गेली, परंतु माणसाचे नाव उच्चारले की त्याचा धर्म आजही कळतोच. काही गावांत एकाच शाळेच्या इमारतीत दोन समाजांची मुले वेगवेगळी शिकतात. बान्या लुका धर्मप्रांतातील बहुसंख्य कॅथोलिक कुटुंबे परतलीच नाहीत. त्याच बान्या लुकात २२ जून २००३ रोजी परमगुरू जॉन पॉल दुसरे गेले आणि कॅथोलिक लेकरांकडून मानवतेविरुद्ध घडलेल्या पापांबद्दलही त्यांनी देवाकडे क्षमा मागितली. भीती दूर करणे शासनाच्या हाती असते. क्षमा मागणे आणि क्षमा करणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी ज्याला अर्धमेला करून टाकले, तो मनुष्य कोण होता, हे प्रभू येशू सांगत नाही. त्याचे कपडे काढून घेतलेले होते. म्हणून वेशावरून त्याची जात कळत नव्हती. तो अर्धमेला होता. म्हणून बोलीवरूनही त्याचा गाव कळत नव्हता. शोमरोनी मनुष्याला वाटेवर दिसला तो केवळ एक जखमी माणूस, आणि तेवढ्यावरून तो थांबला. आपल्याही गावांतून परजिल्ह्यांची, परराज्यांची वाहने रोज जातात. एखादे रस्त्याच्या कडेला बंद पडलेले दिसेल, तेव्हा पाटीवरील अक्षरे वाचण्याआधी आत बसलेल्या माणसांकडे पाहण्याची सवय आपण आपल्या मुलांना लावू या.