अळ्या पाळणारी मारिया

१६६० साली फ्रँकफुर्टमधली १३ वर्षांची एक मुलगी रेशीमकिडे पाळू लागली. त्या काळी बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांचाही पक्का समज होता, की किडे चिखलातून नाहीतर सडक्या पदार्थांतून आपोआप निपजतात. झाकलेल्या मांसात अळ्या होत नाहीत, हे इटलीत फ्रान्चेस्को रेदीने दाखवून दिलं ते १६६८ मध्ये.

मारिया सिबिला मेरियन हे त्या मुलीचं नाव. वडील माथेउस नावाजलेले चित्रकार-प्रकाशक. ती तीन वर्षांची असताना ते वारले. चित्रकला तिने सावत्र वडिलांच्या, फुलांची चित्रं काढणाऱ्या याकोब मारेलच्या हाताखाली गिरवली. रेशीमकिड्यांवरून ती बाकीच्या अळ्यांकडे वळली.

अळ्या पाळणं म्हणजे सततची उस्तवार. अळी जे पान खाते तेच ताजं आणून घालायचं; भलतं घातलं तर ती उपाशी मरते. ती कात कधी टाकते, कोष कधी करते, त्यातून पतंग कधी बाहेर पडतो, सगळं टिपायचं. कधी कोषातून पतंगाऐवजी माश्याच निघायच्या. त्या परजीवी असतात हे आज शाळकरी पोरही सांगेल. मारियाने तेव्हा जे दिसलं ते तसंच लिहून, रंगवून ठेवलं. चूल, संसार आणि दोन मुली सांभाळून हे चाललं होतं, हेही विसरायला नको.

१६७९ मध्ये तिचं सुरवंटांवरचं पहिलं पुस्तक न्यूरेनबर्गला निघालं. त्यात ५० चित्रं होती. त्यातली खरी नवलाई अशी, की किडा आणि त्याच्या खाण्याची वनस्पती एकाच पानावर आली. अंडी, अळी, कोष, पतंग, सगळं त्याच फांदीवर.

१६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, आपली चित्रं विकून पैसा उभा करत ती धाकट्या मुलीला, डोरोथेयाला, घेऊन डच वसाहत सुरिनामला गेली. ऊस सोडून ही बाई किडे काय शोधतेय, म्हणून तिथले मळेवाले तिची टिंगल करायचे. रान तुडवताना झाडंझुडपं तोडून वाट काढायला गुलाम माणसं होती. आपल्याकडे अंगणात शंकासुर फुलतो ना, त्याच्या बिया तिथल्या गुलाम बायका गर्भ पाडायला वापरत. आपलं मूल गुलाम होऊ नये म्हणून. हे त्यांनी स्वतःच तिला सांगितलं आणि तिने ते छापलं. सांगणाऱ्यांची नावं मात्र तिने दिली नाहीत, ही तिच्या कामातली मोठी उणीवच.

आजारपणामुळे ती १७०१ मध्ये परतली. १७०५ मध्ये आम्सटरडॅमला सुरिनाममधल्या किड्यांवरचा तिचा ६० चित्रांचा ग्रंथ निघाला. पुढे लिनियसने जीवजातींना नावं देताना तिच्या चित्रांचा आधार घेतला.

तिच्या काही नोंदी चुकल्या. एक किडा रात्री दिव्यासारखा उजळतो, हे तिचं म्हणणं खरं ठरलं नाही. पण पक्षी खाणाऱ्या कोळ्याचं चित्रही लोकांनी थापेतच काढलं. १८३० च्या दशकात लॅन्सडाउन गिल्डिंग या पाद्री-निसर्गअभ्यासकाने तिच्या ग्रंथाची सालटी काढली. १८६३ मध्ये हेन्री बेट्सच्या ॲमेझॉनवरच्या पुस्तकात पक्षी मारणाऱ्या कोळ्याची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत आली आणि मारियाचं म्हणणं खरं ठरलं. गिल्डिंगने सुरिनाममध्ये कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.