स्वच्छ देश आणि झाडू धरणारे हात

परदेशाची वारी करून आलेला आपला पांढरपेशा माणूस एक गोष्ट हमखास सांगतो. तिकडचे रस्ते लख्ख, स्थानके चकचकीत, बागेत कागदाचा कपटा दिसायचा नाही. आणि लगेच निष्कर्ष काढतो की त्यांना शिस्त आहे, आपल्या लोकांना संस्कार नाहीत. हे 'आपले लोक' म्हणजे कोण, ते तो सांगत नाही. पण त्याची नजर झोपडपट्टीकडे वळलेली असते. स्वच्छतेचा हा संस्कारवादी अर्थ इतिहासाच्या कसोटीला लावून पाहिला पाहिजे. एखादा देश स्वच्छ कसा होतो, आणि तो स्वच्छ करणारे हात कोणाचे असतात, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

प्रथम लंडन घेऊ. आज ज्याच्या शिस्तीचे गोडवे गायिले जातात, ते लंडन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक अफाट उकिरडा होते. घरोघरच्या शौचकुपांतला मैला उपसणारे कामगार रात्री गाड्या घेऊन फिरत, आणि उरलेली सगळी घाण थेम्स नदीत जाई. त्याच नदीचे पाणी लोक पीत. पटकीच्या साथी येत आणि हजारो माणसे नेत. १८४२ साली एडविन चॅडविकने कष्टकऱ्यांच्या वस्त्यांवरचा आपला अहवाल मांडला. १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाशी पटकीचा संबंध दाखवून दिला. तरीही राज्यकर्ते फारसे हलले नाहीत. ते हलले १८५८ च्या उन्हाळ्यात. नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये दुर्गंधीने बसवेना, खिडक्यांचे पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. आणि मग अवघ्या १८ दिवसांत गटारांचा कायदा मंजूर झाला. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने जमिनीखाली मोठमोठी भुयारी गटारे बांधली. इंग्रजांच्या अंगी रातोरात शिस्त आली असे काही घडले नाही. घाण सत्ताधाऱ्यांच्या नाकापर्यंत पोचली, आणि ती मुकाट्याने डोक्यावरून वाहून नेणारी, जन्माने बांधलेली जात त्यांच्याकडे नव्हती. म्हणून पैसा, वीट आणि यंत्र वापरावे लागले. मैला उपसणाऱ्यांचा धंदा हळूहळू बुडाला. त्यांच्या मुलांना तोच धंदा करा असे सांगणारे शास्त्र तिथे नव्हते.

पॅरिसची गोष्ट अशीच. १८८३ साली युजीन पुबेल या अधिकाऱ्याने घरमालकांना कचऱ्यासाठी डबे ठेवण्याची सक्ती केली. फ्रेंच भाषेत आजही कचऱ्याच्या डब्याला त्याचेच नाव आहे. न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली जॉर्ज वॉरिंग हा रस्तेसफाईचा प्रमुख झाला. त्याने झाडूवाल्यांना पांढरे गणवेश दिले आणि पुढच्या वर्षी त्यांचे भर रस्त्यातून संचलन काढले. शहर झाडणाराही शहराचा सेवक आहे, हे लोकांना डोळ्यांनी पाहायला लावले. म्हणजे कायदा, कर, डबा, गटार, पगार आणि गणवेश अशा ऐहिक गोष्टींतून तिथली स्वच्छता उभी राहिली.

परंतु पाश्चात्त्यांचे गुणगान करून थांबणेही खरे नाही. स्वच्छ रस्त्याखाली तिथेही कोणीतरी दडपलेला होताच. अमेरिकेतल्या मेंफिस शहरात कचरा उचलण्याचे काम काळ्या माणसांच्या माथी होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीत शिरलेले दोन कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १३०० कामगारांनी काम बंद केले. त्यांच्या हातातल्या फलकांवर 'मी माणूस आहे' एवढीच अक्षरे होती. त्यांना पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला त्याच शहरात खून झाला. १६ एप्रिलला पालिकेने युनियन मान्य केली, पगारवाढ मान्य केली. वर्णद्वेषी समाजातही झाडू खाली ठेवता आला आणि झाडू खाली ठेवल्यावर शहर वाकले, हा या लढ्याचा धडा आहे.

आता पूर्वेकडे वळू. जपानचे नाव स्वच्छतेसाठी सर्वतोमुखी आहे. २०२२ साली कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकात सामना संपल्यावर जपानी प्रेक्षकांनी मैदानातला कचरा गोळा केला, त्याची चित्रे जगभर गेली. पण त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट जुन्या एडो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली आहे. तिथे मानवी मैला शेतकरी विकत घेत. घरमालकाला त्याचे पैसे मिळत, आणि शेतकरी तो घेऊन जात म्हणून कोणी अस्पृश्य ठरत नसे. त्याच जपानमध्ये जनावरांचे कातडे सोलणारे मात्र विटाळलेले मानले गेले. १८७१ साली कायद्याने त्यांची हीन अवस्था रद्द झाली तरी भेदभाव राहिला, आणि १९२२ साली त्यांना 'सुइहेशा' ही आपली संघटना उभारून लढावे लागले. एका देशात मैल्याला विटाळ नाही, कातड्याला आहे. आपल्याकडे दोन्हींना आहे. मग विटाळ वस्तूत असतो की तो लावणाऱ्याच्या डोक्यात? आपल्या मराठीतही मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणतात. शेतात पडले की सोने. ते वाहून नेणारा माणूस मात्र सावलीलाही नको!

जपानी शाळेत मुले आपला वर्ग स्वतः झाडतात. झाडू सगळ्यांच्या हाती येतो, म्हणून तो कोणाचाच अपमान करीत नाही. आपल्याकडेही शाळेत मुलाच्या हाती झाडू दिला गेला. ओमप्रकाश वाल्मीकि यांनी 'जूठन' या आत्मकथनात त्याची हकिकत सांगितली आहे. बाकीची मुले वर्गात शिकत होती आणि हेडमास्तर त्यांच्याकडून शाळा झाडून घेत होता, कारण ते त्यांच्या जातीचे काम! झाडू दोन्हीकडे आहे. तिथे तो नागरिक घडवतो, इथे तो भंगी घडवतो.

सिंगापूरने १९६८ साली स्वच्छतेची मोहीम सुरू केली, जबर दंड बसवले. १९९२ पासून कचरा टाकणाऱ्या गुन्हेगाराला सार्वजनिक जागा झाडण्याची शिक्षा देता येते. तिथे जे काम काही तासांची शिक्षा म्हणून देतात, ते या देशात एका जातीला जन्मठेप म्हणून दिले गेले.

आता भारताचे उत्तर शोधू. आपल्या संस्कृतीत सोवळ्याला अतोनात महत्त्व आहे; पण सोवळे आणि स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते तळे नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक. जनावरे तिथे पाणी पीत, त्याने तळे बाटत नसे. माणसे प्यायली तेव्हा बाटले, आणि शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले! ज्या समाजात शेण ओतल्याने पाणी शुद्ध होते, त्या समाजाला आरोग्यशास्त्र कसे सुचावे? आणि 'सार्वजनिक' या शब्दात सर्व जन मावतच नसतील, तर ती जागा आपली म्हणून जपणार कोण? उंबऱ्याच्या आत सारवण-रांगोळी आणि उंबऱ्याबाहेर उकिरडा, हे चित्र यातूनच आले. बाहेरची घाण काढायला 'ते' आहेतच.

लंडनला गटार बांधावे लागले. इथे जात हेच गटार होते, आणि ते फुकटात मिळत होते. मुंबईत भुयारी गटारे आली, तेव्हाही मॅनहोलमध्ये उतरवला गेला तो त्याच जातींचा माणूस. पालिकेच्या १८८८ च्या कायद्यात सफाईसाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे नाव 'हलालखोर कर' असे होते. स्वतंत्र भारतात मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली. तिने १९५२ साली भंग्यांच्या जिण्याचा अहवाल दिला. मैला वाहण्यास बंदी करणारा देशाचा कायदा आला १९९३ साली, म्हणजे ४१ वर्षांनी. पार्लमेंटच्या नाकाला वास आला तर १८ दिवस. माणसाच्या डोक्यावरून मैला ओघळला तर ४१ वर्षे! पुढे २०१३ साली दुसरा कायदा आला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूला १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. त्याच २०१४ साली २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, आणि नेत्यांनी छायाचित्रापुरते झाडू हाती घेतले. तरी २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले.

या कामाला पुण्यकर्म म्हणून गौरवण्याचा मार्ग गांधीजींनी पत्करला होता. १९३६ साली त्यांनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंग्याचे चित्र रंगवले. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या गौरवाचा खरपूस समाचार घेतला. काम पवित्र ठरवले की ते सोडण्याचा हक्क पाप ठरतो, हा त्यातला डाव त्यांनी ओळखला होता. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला आपलीच पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, याची आठवण त्यांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात करून दिली होती. तो झाडू सोडून टाकणे हाच त्यांचा मार्ग. महाडनंतर महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावोगाव ढोरे कुजली, बहिष्कार पडले, मारझोड झाली. पण माणसे मागे फिरली नाहीत. १९५८ च्या कायद्याने महारवतनही गेले. त्याच मातीत गाडगेबाबा स्वखुशीने झाडू घेऊन गावे झाडत फिरले. स्वखुशीने धरलेला झाडू आणि जन्माने बांधलेला झाडू यांतला फरक ज्याला कळला, त्याला स्वच्छतेचा सगळा प्रश्न कळला.

म्हणून कोणता देश किती स्वच्छ, याची यादी कोणी पुढे केली तर तिच्यात एक रकाना वाढवायला सांगावा. झाडणाऱ्याला झाडू खाली ठेवता येतो काय? त्याचा मुलगा दुसरे काही होऊ शकतो काय? या प्रश्नांना 'होय' म्हणता येत नाही, तोवर रस्ता कितीही लख्ख असला तरी तो देश स्वच्छ नाही. आपल्याकडे गटारात माणूस उतरवणे ज्या दिवशी अशक्य होईल, त्या दिवशी यंत्र आपोआप सापडेल. तो दिवस आणणे हे अभियानाचे काम नाही. ते चळवळीचे आहे.