लाकडी स्लीपरवरील रूळबांधणी
रूळ स्लीपरला जखडून दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, कायम राखण्याची पद्धत. उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यात १९१७ साली सुरू झालेल्या पुलगाव–आर्वी या छोट्या रेल्वेमार्गाचे गेज ७६२ मिमी होते. जुन्या स्लीपरचे खरे दुखणे खिळ्याच्या भोकात असते. पाणी मुरते, उन्हाने लाकूड तडकते, हादऱ्यांनी भोक रुंदावते आणि रुळाची कड दाबून धरणारा डॉग स्पाइक सैल होतो. तोच खिळा त्याच भोकात पुन्हा ठोकणे व्यर्थ. तो उपटून भोकात डांबर लावलेली लाकडी खुंटी ठोकतात. मग गिरमिटाने खिळ्याहून अरुंद नवे भोक पाडून, गेज मोजतच खिळा बसवतात. रूळ लाकडात रुतू नये म्हणून खाली बेअरिंग प्लेट घालतात. कुजलेला स्लीपर मात्र बदलावाच लागतो.