रेषाही दिसावी आणि ताराही

१८६७ साली मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी दक्षिण आकाशातील एका मंद ताऱ्याचे तेज बदलते, हे ओळखले. त्या ताऱ्यास आज आर रेटिक्युली म्हणतात. सुमारे २७८ दिवसांच्या आवर्तनात तो साध्या डोळ्यांच्या मर्यादेपासून थेट चौदाव्या प्रतीपर्यंत मंदावतो आणि पुन्हा उजळतो. मद्रासहून पाहताना तो क्षितिजाच्या वर जेमतेम १४ अंश येतो. अशा जागी, धूसर हवेतून, एका ताऱ्याच्या तेजातील फरक टिपणे किती कठीण, हे ज्याने रात्री दुर्बिणीपाशी काढल्या आहेत त्यास सांगावे लागणार नाही. आधुनिक काळातील भारतीय खगोलनिरीक्षकाचा पहिला नोंदलेला शोध म्हणून या ताऱ्याचा उल्लेख होतो; शालेय पुस्तकांत मात्र रघुनाथाचारींचे नाव क्वचितच भेटते. ही खंत येथे नोंदवून पुढे जातो, कारण आजचा विषय तो तारा नसून त्याच्या तारकासमूहाचे नाव आहे.

रेटिक्युलम म्हणजे लहान जाळे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला लुई द लाकाय याने १७५१-५२ मध्ये आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होप येथून दक्षिणेकडील सुमारे १०,००० ताऱ्यांची स्थाने मोजली. त्या कामाची त्याची दुर्बीण अगदी लहान होती: भिंगाचा व्यास सुमारे अर्धा इंच आणि वर्धन अवघे ८ पट. दुर्बिणीच्या नाभीय प्रतलात समभुज चौकोनाच्या आकाराची एक चौकट बसवलेली होती. तारा तिच्या कडेआड कधी गेला आणि कधी बाहेर आला, याच्या वेळांवरून त्याचे स्थान काढता येई. या चौकटीचे ऋण त्याने तिला आकाशातच जागा देऊन फेडले. दुर्बिणीच्या आतल्या त्या मोजणीच्या खुणेला आजही रेटिकल असेच म्हणतात. लाकायच्या दुर्बिणीइतकेच वर्धन असलेल्या ज्या रायफल-दुर्बिणी आज सैनिक आणि नेमबाज वापरतात, त्यांच्यातील सर्वांत चिवट अडचण याच खुणेची आहे: भर दिवसा ती प्रकाशित करूनही दिसत नाही आणि रात्री नको इतकी दिसते.

ही अडचण रायफलीहून फार जुनी नसली, तरी दुर्बिणीतील खुणेइतकी जुनी निश्चितच आहे. इंग्लंडमधील लीड्सजवळ राहणारा तरुण विल्यम गॅस्कॉइन याच्या दुर्बिणीत १६४० च्या सुमारास एका कोळ्याने जाळे विणले आणि तो तंतू दूरच्या दृश्याबरोबरच ठसठशीत दिसला, अशी कथा आहे. त्या दर्शनातून दुर्बिणीतील छेदतंतू आणि सूक्ष्ममापक जन्माला आले. गॅस्कॉइनने गणितज्ञ विल्यम ऑट्रेड यांना लिहिलेल्या पत्रात एक साधी, पण आपल्या विषयाच्या मुळाशी जाणारी नोंद आहे. रात्र फार काळोखी असेल आणि तंतू दिसेनासा झाला, तर तो कंदिलात मेणबत्ती ठेवून पुरेसा उजेड भिंगात सोडत असे. प्रकाशित रेटिकलचा इतिहास येथे सुरू होतो. गॅस्कॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला आणि त्याचे काम दोन दशके जवळजवळ अज्ञात राहिले.

मेणबत्तीने प्रश्न सुटला नाही, त्याची बाजू फक्त बदलली. काळ्या आकाशावर काळा तंतू दिसत नाही. आकाश थोडे उजळले की तंतू दिसतो, पण त्याच उजेडात मंद तारा बुडून जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे याने अठराव्या शतकात मेणबत्त्यांच्याच साहाय्याने दाखवले की पार्श्वभूमीपेक्षा सुमारे चौसष्टावा भाग इतका फरक असेल, तरच डोळ्यास तो जेमतेम कळतो. डोळा उजेड मोजत नाही, तो गुणोत्तर मोजतो. पुढची दोनशे वर्षे वेधशाळांतील कारागिरी या एका वाक्याभोवती फिरत राहिली. दुर्बिणीचा आडवा अक्ष पोकळ करून त्यातून दिव्याचा उजेड आत घेण्यात आला, त्याच्या वाटेवर उजेड कमीजास्त करणारे पडदे बसले, आणि अतिमंद ताऱ्यांसाठी उलटी रीत निघाली: आकाश काळेच ठेवायचे आणि बाजूने उजेड पाडून फक्त तंतू चमकवायचे. मद्रासच्या याम्योत्तर वर्तुळावर ५,००० हून अधिक ताऱ्यांची जी स्थाने पुढे नोंदली गेली, त्यांतील प्रत्येकामागे हा तोल आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणालाही तो टळला नाही. विल्यम लॅम्टन यांचा १८२३ मध्ये वर्ध्याकडील हिंगणघाट येथे मृत्यू झाला आणि सर्वेक्षणाची धुरा जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली. दिवसा तापलेल्या हवेत दूरची खूण थरथरते, म्हणून एव्हरेस्ट यांनी रात्री दिव्यांच्या खुणांवर निरीक्षणे घेण्यावर भर दिला. कित्येक मैलांवरचा दिवा म्हणजे जणू जमिनीवरचा ताराच. त्यावर थिओडोलाइटचा तंतू टेकवायचा, तर तंतूला उजेड हवा आणि दिव्याला अंधार.

बंदुकीवर बसलेल्या दुर्बिणीने हा प्रश्न दिवसाच्या उजेडात आणला. आकडे पाहावेत. भर उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. त्यातील पाचवा भाग परावर्तित करणाऱ्या मातीची दीप्ती, साधा हिशेब केला, तर ६,००० कँडेला प्रति चौरस मीटरहून थोडी अधिक येते. वाळू किंवा बर्फ याच्या कितीतरी पुढे जातात. पौर्णिमेच्या चांदण्यात तीच माती ०.०२ च्याही खाली असते. म्हणजे एकाच खुणेने चार लाख पटींच्या पल्ल्यात आपले गुणोत्तर सांभाळायचे. आपल्या हातातला मोबाइलचा पडदा उन्हात फिका पडतो, त्याची दीप्ती बहुधा हजाराच्या आसपास असते. रेटिकलकडून आपण त्याच्या कितीतरी पट मागतो आणि तेही नाण्याएवढ्या घटावर चालणाऱ्या एका लहान एलईडीकडून.

काळी रेषा दिवसा दिसतेच, मग उजळण्याचा अट्टहास कशासाठी? कमी शक्तीच्या बदलत्या वर्धनाच्या दुर्बिणीचे सारे प्रयोजनच येथे आहे. ती १ ते ६, १ ते ८ किंवा १ ते १० पट अशी फिरते. वरच्या वर्धनावर दूरचे लक्ष्य ओळखायचे आणि १ पटावर दोन्ही डोळे उघडे ठेवून जवळच्या धावत्या लक्ष्यावर क्षणात नेम धरायचा. या दुसऱ्या कामासाठी झाडीच्या गर्द पार्श्वभूमीवर बारीक काळी रेषा निरुपयोगी. तेथे एक झळझळीत ठिपका हवा. नेमका तेथेच तो मंदावतो.

कारण भूमितीत आहे. पुष्कळ दुर्बिणींत रेटिकल पहिल्या नाभीय प्रतलात, म्हणजे वर्धन बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे असते. दृश्य जेवढे मोठे होते तेवढीच रेषाही मोठी होते, त्यामुळे तिच्यावरची कोनीय मापे प्रत्येक वर्धनावर खरी राहतात. हा लाभ मोठा आहे, पण त्याची किंमत पाहावी. समजा, रेषेची जाडी ०.०५ मिलिरेडियन आहे. ६ पटावर ती डोळ्यास ०.३ मिलिरेडियनची, म्हणजे सुमारे १ कला रुंद दिसते. निरोगी डोळ्याची विभेदनक्षमता साधारण तेवढीच, म्हणून रेषा स्वच्छ दिसते. १ पटावर तीच रेषा ०.१७ कला होते. डोळा तिला वेगळी पाहूच शकत नाही. तो तिचा प्रकाश शेजारच्या दृश्यात मिसळतो आणि तिचा उठाव सहाव्या भागावर येतो. त्याच जाडीचा ठिपका असेल, तर दोन्ही दिशांनी लहान होतो. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अॅनिबाले रिक्को याने १८७७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार अतिलहान ठिपक्याचे दिसणे क्षेत्रफळ आणि दीप्ती यांच्या गुणाकारावर ठरते. क्षेत्रफळ ३६ पटींनी घटले. म्हणजे तेवढाच उठाव हवा असेल, तर दीप्ती ३६ पट हवी. १ पटावर नेत्रिकेतून बाहेर येणारा झोत रुंद होतो आणि डोळ्यात थोडाच प्रकाश शिरतो म्हणून ठिपका मंदावतो, असे स्पष्टीकरण वारंवार वाचायला मिळते. ते मला पटत नाही. ते नुकसान दृश्यालाही तेवढेच होते, आणि आपल्याला तर गुणोत्तराशी काम आहे.

मग मोठा एलईडी का लावू नये? कारण काचेवर कोरलेल्या आणि प्रकीर्णक द्रव्याने भरलेल्या खुणेवर बाजूने पाडलेला प्रकाश सर्व दिशांना उधळतो. पुढची भिंगे ७ अंश अर्धकोनाच्या शंकूतला प्रकाश स्वीकारतात असे मानले, तर एका बाजूस उधळलेल्या प्रकाशातला केवळ दीड टक्का डोळ्याच्या वाटेला लागतो. उरलेला नळीच्या भिंतींवर आपटतो, रेटिकलभोवती तांबूस धुके तयार करतो, कधी पुढच्या भिंगातून बाहेर पडून रात्री वापरणाऱ्याचा ठावठिकाणाही उघड करतो. दिवा दहापट केला की धुकेही दहापट होते. शिवाय लाल रंगाची निवड दृश्याशी विरोध साधण्यासाठी योग्य असली, तरी ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला आपल्या दिवसाच्या दृष्टीची संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याच्या तुलनेत चौथ्या भागाएवढीच आहे.

उपाय आले ते दिवा वाढवून नव्हे, वाट बदलून. डब्लिनचा दुर्बीणनिर्माता हॉवर्ड ग्रब याने १९०० मध्ये परावर्ती दर्शकाचे पेटंट घेतले. त्यात खुणेचा प्रकाश समांतर करून आरशासारख्या काचेवरून सरळ डोळ्यात पाठवलेला असतो, म्हणून उधळपट्टी नाही. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्ये याच कल्पनेला विजेचा लाल ठिपका जोडला. या दर्शकांत ठिपका उन्हातही झगझगतो, पण वर्धन नसते. बदलत्या वर्धनाच्या दुर्बिणींत तेच तेज आणण्यासाठी काहींनी ठिपका दुसऱ्या नाभीय प्रतलात नेला. तेथे तो वर्धनाबरोबर आकसत नाही, मात्र रेषांची मापे एकाच ठरावीक वर्धनावर खरी उरतात. आणखी एक उपाय मला भौतिकीचा विद्यार्थी म्हणून सर्वांत देखणा वाटतो: काचेवर सूक्ष्म जाळी कोरून विवर्तनाने एलईडीचा प्रकाश फक्त डोळ्याच्याच दिशेने वळवणे. जाळे या शब्दाचा मूळ अर्थ येथे अवचित परत येतो. एकूण प्रकाश तेवढाच, पण तो अरुंद शंकूत एकवटलेला, म्हणून दीप्ती अनेक पटींनी अधिक. त्याची किंमतही त्याच वाक्यात आहे: डोळा मध्यरेषेवरून जरा सरकला की ठिपका विझल्यासारखा होतो. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्याने निवडलेल्या एक्सएम१५७ या १ ते ८ पटांच्या दर्शकात कोरलेल्या रेटिकलवर अंकीय पडद्याची प्रतिमा चढवली जाते. साधन नवे आहे, पण त्या प्रतिमेलाही उन्हातल्या मातीशीच स्पर्धा करावी लागते.

देहरादून येथे सर्वेक्षण विभागाचे मुख्यालय आहे आणि डीआरडीओची आयआरडीई ही प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळाही. थिओडोलाइटचा तंतू आणि रायफलीचा ठिपका हे भारतात एका शहराचे शेजारी आहेत, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यामुळेच एक तक्रार नोंदवतो. या दुर्बिणींच्या माहितीपत्रकांत ‘तेजाच्या ११ पायऱ्या’ किंवा ‘दिवसाच्या उजेडात दिसणारे’ अशी वर्णने असतात; पायरी म्हणजे किती कँडेला, कोणत्या कोनात, कोणत्या पार्श्वभूमीवर, हे बहुधा नसते. पदवीच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याने असे मोजमाप एककाविना लिहिले, तर आपण वही परत करू.

तेज आपोआप जुळवून घेणाऱ्या साधनांतही एक पेच उरतोच. उजेड गोळा करणारा प्रकाशतंतू किंवा संवेदक दुर्बिणीवर असतो, लक्ष्यावर नसतो. अंधाऱ्या खोलीत उभे राहून खिडकीतून उन्हातल्या अंगणाकडे पाहिले, तर संवेदकाला काळोख दिसतो, तो ठिपका मंद करतो, आणि ठिपका उजळ अंगणात हरवतो. उन्हात उभे राहून अंधाऱ्या दाराकडे पाहिले, तर झगमगणारा ठिपका दाराआडचे सारे झाकून टाकतो. तेव्हा बोटाने खटका फिरवूनच उजेड जुळवावा लागतो.