पांढऱ्या बलकाची कुळकथा

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहितांना आपण वेदी, घंटा आणि धर्मगुरुजन यांचें स्मरण करितों. तें योग्यच आहे. परंतु ज्या चुलींवर आपले सण शिजले, त्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. म्हणून येथें एका लहानशा मिठाईची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें. ती मिठाई म्हणजे मेरिंग. अंड्याचा पांढरा बलक साखरेसह फेटून मंद आंचेवर भट्टींत वाळविला, कीं ती तयार होते. आणि आपल्याकडे ती बदकाच्या अंड्यांचीहि होऊं शकते.

‘मेरिंग’ हें नांव फ्रान्समधील मासियालो या पाकशास्त्रज्ञाच्या १६९२ सालच्या ग्रंथांत छापलेलें आढळतें. पोर्तुगीज लोक तिलाच ‘सुस्पिरु’, म्हणजे सुस्कारा, म्हणतात. एवढ्या हलक्या पदार्थास याहून समर्पक नांव तें कोणतें ?

या पोर्तुगीज लोकांबरोबरच अंड्यांची पक्वान्नें गोव्यांत आलीं. जुन्या गोव्यांत आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनीं १६०६ सालीं सांता मोनिका हा धर्मभगिनींचा मठ स्थापिला. दंतकथा अशी कीं, भगिनींचीं वस्त्रें कडक करण्यासाठीं पांढरा बलक खर्ची पडे आणि पिवळ्याचा ढीग शिल्लक राही. त्याचें काय करावें या विवंचनेंतून बेबिंका जन्मास आली. पिवळा बलक, नारळाचें दूध, साखर, मैदा आणि तूप यांचे थरावर थर, खालीं निखारे आणि वरही निखारे, अशी ती भाजावी लागते. २०२३ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. मठांत पांढरा बलक कामीं आला आणि पिवळा उरला. घरच्या स्वयंपाकांत नेमकें उलट घडतें. बेबिंका झाली, कीं वाडगाभर पांढरा बलक मागें राहतो. काटकसरी गृहिणी तो मोरींत ओतीत नाहीं. ती त्याचे सुस्कारे करिते. तमिळ देशांतील तूतुकुडी बंदरांत तर पांढरा बलक, साखर आणि काजू यांचें ‘मॅकरून’ प्रसिद्धच आहे; आणि काजूचें झाड पोर्तुगीजांनींच ब्राझीलहून हिंदुस्थानांत आणिलें.

आतां बदकाकडे वळूं. आपला वर्धा प्रदेश प्रथम १८८७ सालीं स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतांत मोडत असे. पुढें १९६२ सालीं या भागाचें मिशनकार्य केरळच्या सिरो-मलबार परंपरेकडे आलें, आणि १९७७ सालीं चांदा धर्मप्रांत स्थापन झाला. केरळांतील कुट्टनाड हा पाण्याचा आणि भातशेतीचा मुलूख. तेथें कापणी झाली, कीं बदकांचे कळप सांडलेले दाणे टिपावयास शेतांत सोडतात. तेथील ख्रिस्ती घरांत सणाच्या ताटांत बदक मानाचें असतें.

येथें एक कटु गोष्ट लपविणें बरें नव्हे. सांता मोनिका मठ स्थापणाऱ्या याच मेनेझिस यांनीं १५९९ सालीं केरळांत उदयंपेरूर येथें सभा भरवून तेथील प्राचीन ख्रिस्ती परंपरेवर आपले नियम लादले. त्या जखमेची आठवण अद्याप बुजलेली नाहीं. म्हणूनच गोव्याची मिठाई आणि कुट्टनाडचें अंडें हिंगणघाटच्या एका भट्टींत एकत्र येतात, तेव्हां तें मला नुसतें पक्वान्न वाटत नाहीं.

कृतीहि सांगून ठेवितों. बदकाचें अंडें सुमारें ७० ग्रॅमचें, कोंबडीच्याहून मोठें. त्याचा पांढरा बलक घट्ट असून फेंस सावकाश धरतो. लिंबाच्या रसानें मात्र तो वठणीवर येतो. चार अंड्यांच्या पांढऱ्या बलकास एक लहान चमचा रस आणि ३०० ग्रॅम बारीक साखर पुरे. पिवळ्याचा थेंब अथवा भांड्यास तुपाचा ओशटपणा राहिला, तर सारी मेहनत वायां जाते. साखर थोडी थोडी घालीत, फेंसाचीं टोकें ताठ उभीं राहीपर्यंत फेटावें. मग १०० अंश सेल्सिअस उष्णतेवर दोन तास ठेवून भट्टींतच निवूं द्यावें. बदकाच्या अंड्यांत रोगजंतु असूं शकतात. म्हणून कच्चें मिश्रण चाखूं नये व मिठाई आंतपर्यंत वाळवावी. साखर हवेंतील ओल शोषिते, त्यामुळें समुद्रकांठीं मेरिंग लवकर चिकट होते. येथें मात्र नाताळांत विदर्भाची कोरडी थंडी असते. डबा घट्ट लाविला, तर ती कित्येक दिवस कुरकुरीत राहते. वेणाकांठच्या या कापूसगांवीं कापसाएवढीच पांढरी आणि हलकी मिठाई शोभतेहि !

सांता मोनिका मठांतील शेवटच्या भगिनी १८८५ सालीं निवर्तल्या. मठाची भव्य इमारत उभी आहे, स्थापकाचें नांव इतिहासांत आहे. परंतु त्या मिठाया करणारे हात निनांवी राहिले. आपल्या घरांतहि हेंच चाललें आहे. आजीचा अंदाज आजीबरोबर जातो आणि मग सून नाताळच्या आदल्या दिवशीं हताश उभी राहते. माझी विनंति एवढीच कीं, या ज्युबिली वर्षीं प्रत्येक घरानें आपली एक सणाची कृति, ती करणारीच्या नांवासह, कागदावर उतरून धर्मग्रामाच्या दप्तरीं द्यावी. ज्या बायांनीं अंड्याचा पांढरा बलकसुद्धां वायां जाऊं दिला नाहीं, त्यांचें नांव आपण वायां जाऊं देऊं नये.