ड्रोन उडवताना गर्दी जमली, कोणी अंगावर आलं तर काय करायचं?

बुलढाणा : वावरात ड्रोनची पेटी उघडली की पाच मिनिटांत धुऱ्यावर माणसं जमतात. आधी पोरंसोरं येतात, मग गुराखी, मग रस्त्याने जाणारे दोन-चार मोटारसायकलवाले गाडी स्टँडवर लावून उभे राहतात. "काय करून राह्यले भाऊ?", "केवढ्याचं आहे हे?" आणि "आमच्या वावराचा फोटो काढला का?" हे तीन प्रश्न ठरलेले. पहिले दोन कुतूहलाचे आहेत. तिसऱ्यात संशय आहे, आणि त्याला धड उत्तर मिळालं नाही तर पुढची दहा मिनिटं अवघड जातात.

हा संशय उगीच आलेला नाही. जून-जुलै २०२४ मध्ये आधी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, आंबेगाव, जुन्नर भागात आणि पुढे बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत एकच चर्चा होती, की रात्री ड्रोन फिरतात आणि चोर त्यातून घरं हेरतात. गावोगावचे तरुण काठ्या-बॅटऱ्या घेऊन रात्रभर गस्त घालत होते. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीवर ड्रोन फिरत असल्याचा विषय तर त्या जुलैत थेट विधानसभेत निघाला. आपले सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके जालन्याला लागून. सोयरिक तिकडे, बाजार तिकडे. तिकडचा व्हिडिओ इकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायला किती वेळ लागतो, हे सांगायला नको.

अशा अफवेत माणूस मरतो, म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या प्रकरणात फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. तिथे ड्रोन नव्हता, पण अफवा होती आणि अनोळखी माणूस होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रायबरेली जिल्ह्यात तर "ड्रोन चोर" असल्याच्या संशयावरूनच एका दलित तरुणाला जमावाने मारून टाकलं. त्याच्याजवळ ड्रोन असायचीही गरज पडली नाही.

कायदा काय म्हणतो

ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा स्मॉल, असे वजनावर प्रकार पडतात. लग्नात दिसतात ते बहुतेक पहिल्या दोन प्रकारांतले आणि फवारणीचे तिसऱ्यातले. नॅनोच्या वरच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक म्हणजे युआयएन लागतो आणि विमाही लागतो. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी वापरायचा असेल किंवा ड्रोन त्याहून मोठा असेल, तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. डिजिटल स्कायच्या नकाशावर ग्रीन झोन असेल तिथे ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

इथेच बरेच पायलट फसतात. नकाशा हिरवा असला तरी जिल्हा प्रशासन किंवा पोलीस सण, सभा, बंदोबस्त पाहून बंदीचा आदेश काढू शकतात. त्या दिवशी कागद कितीही पक्के असले तरी ड्रोन पेटीतच ठेवावा लागतो. आणि कागद पक्के आहेत म्हणून गावाला विचारायची गरज नाही, असं समजणारा पायलट तर हमखास अडचणीत येतो. धुऱ्यावरचा माणूस कागद मागत नसतो. तुम्ही कोण, कोणाच्या बोलावण्यावरून आले, हे त्याला पाहिजे असतं.

आधी गाव, मग ड्रोन

गावठाण मोजणीचं उदाहरण घ्या. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. मोजणीची पद्धत अशी, की आधी ग्रामसभेत सांगायचं, मग दवंडी, मग लोकांनी आपापल्या जागेच्या हद्दीवर चुना टाकायचा आणि त्यानंतर ड्रोन वर जायचा. चुना टाकायला घरातला माणूस स्वतः बाहेर येतो. त्यामुळे ड्रोन वर गेला तेव्हा तो कशासाठी गेला, हे गल्लीतल्या म्हातारीलाही माहीत असतं. सरकारी माणसाला जे करावं लागतं, ते खाजगी ड्रोनवाल्याला तर जास्तच लागू.

म्हणून आदल्या दिवशी सरपंच आणि पोलीस पाटील यांना फोन करावा. उद्या सकाळी अमुक गटात, अमक्या शेतकऱ्याच्या तुरीवर फवारणी आहे, दोन माणसं आहेत, गाडीचा नंबर हा, एवढं सांगितलं की पुरे. ग्रामपंचायतीचा भोंगा असेल तर त्यावर सांगायला लावावं, गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकायला लावावा. ज्याचं काम आहे तो शेतकरी किंवा त्याच्या घरचं कोणी वावरात हजर पाहिजेच. परक्या पायलटपेक्षा गावच्या माणसाचा "आपलंच काम हाय" हा शब्द दहा पट चालतो. रात्री, अगदी दिवेलागणीलाही, गावाजवळ ड्रोन उडवू नये.

कामावर दोघांनी जावं. एकाने फक्त ड्रोन पाहायचा, दुसऱ्याने फक्त माणसं. ड्रोन हवेत असताना पायलटशी कोणी बोलायला आलं तर दुसऱ्याने पुढे होऊन म्हणावं, "काका, हे पाच मिनिटात खाली येते, मंग सारं दाखवतो." आणि खाली आल्यावर खरंच दाखवावं. पाती थांबली, बॅटरी काढली, की पोरांना जवळ बोलवावं आणि स्क्रीनवर वावर दाखवावं. शब्द पाळला की तीच पोरं पुढच्या खेपेला बाकीच्यांना मागे सरकवतात.

फवारणीच्या वेळचे भांडण

फवारणीत गर्दीचा प्रश्न जिवाचा होतो. १० लिटरच्या टाकीचा ड्रोन भरला की वजन २५ किलोच्या आसपास जातं आणि त्याची पाती बोट सहज तोडतात. वरून औषध. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे उतरायच्या जागेभोवती दोरी किंवा चुन्याची रेघ मारावी, बघ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं करावं आणि जवळ बांधलेली बैलजोडी आधी लांब न्यायला सांगावी. आवाजाने बैल बुजला तर दाव्यासकट पळतो.

शेजाऱ्याचा राग बहुतेक वेळा खरा असतो. सोयाबीनवर मारलेलं तणनाशक वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेलं की पानं वाकडी होतात, आणि मग त्याला "नियमात होतं" म्हणून समजावता येत नाही. शेजारच्या चारही धुऱ्यांवर काय पेरलं आहे, कोणाच्या मधपेट्या आहेत का, हे आधी विचारावं. वारा वाढला तर काम थांबवावं, भाडं बुडालं तरी चालेल. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये फवारणी ड्रोनची कार्यपद्धती जाहीर केली आहे, तिच्यात औषध वाऱ्याने उडून जाऊ नये यावर बराच भर आहे.

आणखी एक माणूस धुऱ्यावर गप्प उभा असतो. तो पाठीवर पंप घेऊन फवारणीची मजुरी करणारा असतो. त्याचा रोज या यंत्राने जातो आहे. तो टोमणा मारेल, कधी शिवीही देईल. त्याच्याशी वाद घालणाऱ्या पायलटला गाव साथ देत नाही. पाणी आणणे, औषध कालवणे, बॅटऱ्या वाहणे ही कामं गावातल्याच मजुराला रोजाने दिली तर भांडणाचं कारणच निम्मं कमी होतं, आणि गर्दी सांभाळायला माणूस मिळतो तो वेगळाच.

नमो ड्रोन दीदी योजनेतून बचत गटाच्या बायाही आता पायलट झाल्या आहेत. देशात १५ हजार गटांना ड्रोन देण्याची ही योजना २०२३ मध्ये मंजूर झाली आणि ड्रोनच्या किमतीत ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत आहे. उरलेले पैसे गटाला कर्ज काढून उभे करावे लागतात. म्हणजे एक दगड दहा-बारा बायांच्या हप्त्यावर पडतो. ताईंनी परगावच्या कामाला एकटं जाऊ नये. गटातली एखादी वडीलधारी मावशी सोबत असली की टवाळखोर पोरं दोन पावलं मागेच राहतात.

गावावरून उडवताना

लग्न, वरात, मंदिराचा कलश, घराची वास्तुशांती अशा वेळी ड्रोन थेट गावावर जातो, आणि तिथे सगळ्यात मोठी तक्रार बायामाणसांची असते. अजूनही कित्येक घरांच्या न्हाणीला छत नाही. उन्हाळ्यात घरची माणसं गच्चीवर झोपतात. त्यावरून ड्रोन गेला की राग येणारच, आणि तो रास्त आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे बाईला खाजगी स्थितीत चोरून पाहणे किंवा तिचं चित्रण करणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळेस एक ते तीन वर्षं कैद आहे. "चुकून आलं" म्हणायची पाळी येऊ नये म्हणून मांडवाच्या हद्दीबाहेर कॅमेरा नेऊच नये आणि सकाळच्या आंघोळीच्या वेळी गल्लीवरून उडवू नये.

कोणी हरकत घेतलीच तर तिथल्या तिथे, दोन वडीलधाऱ्यांसमोर, चित्रण लावून दाखवावं. मात्र मोबाईल किंवा मेमरी कार्ड कोणाच्या हातात देऊ नये. गर्दीच्या दबावाखाली घाईने पुसूनही टाकू नये. पुसलं की संशय वाढतो आणि उद्या पोलिसात गेलं तर आपल्या बाजूचा पुरावाही जातो. पोलिसांनी मागितलं तर द्यावं आणि पंचनाम्याची किंवा जप्तीची प्रत मागून घ्यावी.

जमाव तापला तर

आवाज चढायला लागले की पहिलं काम ड्रोन खाली आणणे. वाद नंतर. इथे एक चूक घडते. घाबरून पायलट "रिटर्न टू होम"चं बटण दाबतो आणि ड्रोन बरोबर त्याच जागी येतो जिथे आता पन्नास माणसं उभी आहेत. तसं न करता हाताने चालवून जवळच्या मोकळ्या वावरात किंवा खळ्यावर उतरवावा. दगड लागून ड्रोन माणसांत पडला तर डोकं फुटतं, आणि फुटलेली लिथियम बॅटरी पेट घेते. पाणी टाकून ती आग लवकर विझत नाही, माती-वाळू टाकावी आणि लांब व्हावं.

ड्रोन उतरला की बॅटरी काढायची, रिमोट पिशवीत ठेवायचा आणि हात मोकळे ठेवून उभं राहायचं. पळू नये. पळणारा माणूस गावाला चोरच वाटतो. "माझ्याकडे लायसन हाय, तुम्हाला काय समजते" ही भाषा तर मुळीच नको. नाव, गाव, कोणाच्या कामाला आलो हे सांगावं, त्या शेतकऱ्याला फोन लावून स्पीकरवर बोलू द्यावं, पोलीस पाटलाला बोलवायला सांगावं. तेवढ्यात सोबतच्याने ११२ लावावा. गाडीची चावी काढली, मारहाण सुरू झाली तर यंत्राचा मोह सोडावा. ड्रोनचा विमा असतो.

गावकऱ्यांनी काय करावं

दिवसा कोणी अनोळखी माणूस ड्रोन उडवताना दिसला तर विचारायचा हक्क आहे. नाव, कामाचं कारण, युआयएन क्रमांक विचारावा. समाधान झालं नाही तर ११२ ला कळवावं. ड्रोन हिसकावणे, गोफण मारणे, फटाका सोडणे हे मालमत्तेच्या नुकसानीचे गुन्हे होतात, आणि मोजणीचं सरकारी पथक असेल तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा वेगळा.

रात्रीचा दिवा दिसला तर आधी घड्याळ पाहा. लहान कॅमेऱ्याचा ड्रोन एका बॅटरीवर साधारण अर्धा तास टिकतो, भरलेला फवारणीचा ड्रोन पंधरा मिनिटंही कठीण. एकाच जागी दोन-दोन तास चमकणारी वस्तू बहुधा तारा किंवा ग्रह असते. सरळ रेषेत, आवाज न करता जाणारे ठिपके उपग्रहाचे. लाल-हिरवा दिवा लुकलुकत ठरल्या वेळी रोज जातो ते विमान. ड्रोन जवळ असेल तर मधमाश्यांच्या मोहोळासारखा आवाज येतो. खरंच ड्रोन वाटला तर वेळ, दिशा लिहून ठेवा, व्हिडिओ काढा आणि पोलिसांना द्या. ग्रुपवर "चोर आले" टाकू नका. लोकांत घबराट पसरवणाऱ्या अफवेला कलम ३५३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि पाच किंवा जास्त माणसांच्या बेकायदा जमावाने मारहाण केली तर काठी कोणाच्या हातात होती एवढंच पाहिलं जात नाही. जमावाच्या हेतूत सामील असलेला प्रत्येक जण कलम १९० प्रमाणे त्या गुन्ह्याचा धनी होतो.

लोणार सरोवर अभयारण्य आहे, तिथे आणि ज्ञानगंगा, अंबाबरवा या जंगलांत वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये. सिंदखेड राजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा संरक्षित स्मारक आहे, तिथे पुरातत्त्व विभागाला विचारावं लागतं. १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव, शेगावची गर्दी, सैलानीची यात्रा अशा वेळी पोलिसांची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि डोक्यांवरून ड्रोन नेऊ नये.

ड्रोन फोडला गेलाच तर तुकडे उचलायच्या आधी जागेवर फोटो काढावे, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. विमा कंपनीला लगेच कळवावं. तृतीय पक्ष विम्यात ड्रोनमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान मिळतं, स्वतःच्या ड्रोनची मोडतोड त्यात येत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी असते, ती आपल्याकडे आहे का, हे हंगाम सुरू व्हायच्या आधी कागद उघडून पाहून घ्यावं.