जब्र

आठवीच्या वर्गात बीजगणित सुरू करताना मी दरवर्षी फळ्यावर एकच शब्द लिहितो : अल्-जब्र. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना हा शब्द अर्धा ओळखीचा असतो. उर्दूत जब्र म्हणजे जुलूम, सक्ती. मुले हसतात. गणित म्हणजे जुलूमच, असे त्यांना मनापासून वाटत असते. मग मी सांगतो की, अरबीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. जे तुटले आहे ते पुन्हा जोडणे. नवव्या शतकात, खलिफा मामूनच्या काळात, बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने समीकरणावरच्या आपल्या ग्रंथाच्या नावात हा शब्द घातला. वजा झालेली संख्या दुसऱ्या बाजूला नेऊन समीकरण पुरे करायचे, म्हणजे जणू मोडलेले हाड बसवायचे. हाड बसवण्याच्या विद्येलाही अरबीत जब्रच म्हणतात. स्पेनमध्ये तर कित्येक शतके हाडवैद्याला 'अल्हेब्रिस्ता' म्हणत. हाड बांधण्याची पट्टी ती जबीरा. वुजू करताना जबीऱ्यावरून ओला हात फिरवला तरी चालते, हा मसला मदरशातल्या पोराटोरांनाही पाठ असतो.

या वर्षी मात्र हे सांगताना माझी जीभ अडखळली. समोरच्या दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसला होता. तो डाव्या हाताने लिहीत होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता, मनगटातून आत वळलेला, बोटे पक्ष्याच्या पंजासारखी आखडलेली. त्या हाताची हकीकत मला ठाऊक आहे. तिच्यात माझाही थोडा वाटा आहे. तो मी पुढे सांगणारच आहे. आधी इतिहास सांगतो, कारण तो नीट कळल्याशिवाय माझा गुन्हा वाचकांना कळणार नाही.

हात मोडणे ही माणसाची फार जुनी तक्रार. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने १८६२ साली इजिप्तमधल्या लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या या गुंडाळीत ४८ रुग्णांची वर्णने आहेत. डोक्यापासून सुरुवात करून ती खाली खाली येतात. त्यांत निखळलेले गळपट्टीचे हाड आहे, मोडलेला दंडही आहे. प्रत्येक ठिकाणी तपासणी, निदान आणि निकाल अशी मांडणी. हे दुखणे मी बरे करीन, याच्याशी मी झुंजेन, याच्यावर इलाज नाही, असे तीनच निकाल. आपल्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे त्या अनामिक वैद्याला माहीत होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपल्याकडे सुश्रुताने हाडांच्या दुखापतींचे दोन भाग केले. सांध्यातून निखळणे आणि हाडच मोडणे. पहिल्याचे सहा प्रकार, दुसऱ्याचे बारा. बांधण्यासाठी त्याने पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कांबी सांगितल्या. पण मला थांबवले ते त्याच्या एका सूचनेने. पट्टी फार सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार घट्ट बांधली तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून मध्यम बांधावी, असे तो सांगतो. शिवाय ती बांधून विसरून जायची नाही. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची.

ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या 'अस्थिभंग' या ग्रंथातही हाच सूर आहे. तिथे वैद्याला सांगितले आहे की, पट्टी बांधल्यावर रुग्णाला विचार, कुठे आवळते आहे का? म्हणजे दुखणाऱ्याची साक्ष हा तपासणीचाच भाग होता.

या दोन्ही विद्या बगदादमध्ये एकत्र आल्या. हुनैन इब्न इस्हाक या ख्रिस्ती विद्वानाने आणि त्याच्या साथीदारांनी ग्रीक वैद्यक अरबीत आणले. त्याआधीच बरमकी वजीर याह्या बिन खालिद याच्या सांगण्यावरून मंका नावाच्या हिंदुस्थानी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ समजावून दिला होता. इब्न अल्-नदीमच्या दहाव्या शतकातल्या ग्रंथसूचीत त्याची नोंद आहे. विद्या कुणाच्या घरची, हे त्या लोकांनी विचारले नाही. ती खरी आहे की नाही, एवढेच पाहिले.

कॉर्डोव्याजवळच्या मदीनतुज्जहरा या नगरीचा अबुल कासिम अल्-जहरावी हा त्या परंपरेतला मोठा सर्जन. त्याच्या 'अत्-तसरीफ'चे तीस भाग आहेत, आणि तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत, आणि शेवटचा खंड पूर्ण हाडे बसवण्यावर आहे. शिष्यांना तो 'माझ्या मुलांनो' असे म्हणून समजावतो. आपल्या काळात ही विद्या अशा लोकांच्या हाती गेली आहे, ज्यांनी जुन्यांचे पुस्तक कधी उघडूनही पाहिले नाही, ही त्याची खंत. शरीररचना न शिकता हाताला हात लावू नये, हा त्याचा आग्रह. हजार वर्षे झाली, पण हे दुखणे अजून ताजे आहे.

आणि मग इब्न सिना. इ.स. ९८० ते १०३७. 'अल्-कानून'च्या पाच खंडांपैकी चौथ्यात मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांची चर्चा आहे. तिथे त्याने एक गोष्ट बजावली आहे. हाड मोडल्याबरोबर कांबी आवळून बांधू नका. पाच दिवस तरी जाऊ द्या, सूज उतरू द्या, मग बांधा. वाक्य साधे आहे, पण त्यात हजारो हात वाचवण्याची ताकद होती. क्रेमोनाच्या जेरार्डने बाराव्या शतकात टोलेडोत 'अत्-तसरीफ'चा हा भाग आणि 'कानून' दोन्ही लॅटिनमध्ये नेले, आणि युरोपातल्या विद्यापीठांनी पुढे कित्येक शतके ते शिकवले.

आपल्याकडे मात्र ही विद्या पुस्तकातून कमी आणि हातातून हातात जास्त आली. उर्दू कोशात 'कमानगर' शब्द पाहा. पहिला अर्थ धनुष्य बनवणारा, दुसरा अर्थ हाड बसवणारा. लाकूड किती वाकेल आणि कुठे मोडेल हे ज्याच्या बोटांना कळते, त्याच्याकडे लोक मोडलेला हात घेऊन जाऊ लागले. बंदुका आल्या, धनुष्ये गेली, पण कमानगराचा दुसरा धंदा टिकला. आपला हाडवैद्य, दक्षिणेत आंध्रातले पुत्तूर, ही सगळी याच जातीची विद्या. यांतल्या कित्येकांचे हात खरोखर कसबी असतात. साधा निखळलेला खांदा त्यांनी क्षणात बसवलेला मी स्वतः पाहिला आहे. ते गरिबाकडून पैसे कमी घेतात, आपल्या बोलीत बोलतात, रात्री दार वाजवले तरी उठतात. म्हणून त्यांची टिंगल मला करायची नाही.

पण कसबी बोटांना हाड कळते. हाडाभोवती काय चालले आहे, ते दरवेळी कळतेच असे नाही. ही चूक शिकलेल्या डॉक्टरांकडूनही झाली आहे. १८५२ साली मातायसन या डच लष्करी सर्जनने प्लॅस्टरच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली, क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जन पिरोगोव्हने ती मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि जखडून बांधणे सोपे झाले. मग दवाखान्यांत काही चमत्कारिक रुग्ण दिसू लागले. हाड जुळलेले, पण हात निकामी. लोक म्हणत, नस दबली. जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचा सर्जन रिखार्ड फॉन फोल्कमन याने १८८१ मध्ये लिहिले की, दोष नसेचा नाही. घट्ट बांधल्यामुळे स्नायूंचे रक्त बंद होते, स्नायू मरतो, आक्रसतो आणि बोटे ओढून घेतो. तेव्हापासून या विकृतीला त्याचे नाव आहे. हा फोल्कमन मुलांसाठी परीकथाही लिहीत असे. ज्याला मुलांच्या गोष्टी सुचत, त्याचे नाव मुलांच्याच वाकड्या हातांना चिकटून राहावे, हे मनाला लागते.

आज त्याच्यापुढचेही कळले आहे. आपल्या हातातले स्नायू एका चिवट आवरणाच्या कप्प्यांत भरलेले असतात. हे आवरण ताणत नाही. हाड मोडले की आत रक्त साचते, सूज वाढते आणि कप्प्यातला दाब चढतो. अभ्र्यात कापूस ठासून भरावा तसे होते. बाहेरून कांबी आवळल्या की उरलीसुरली जागाही जाते. बारीक रक्तवाहिन्या मिटतात. सहा तासांच्या आसपास हे चालू राहिले तर स्नायूंचे नुकसान भरून येत नाही. लहान मुलांत कोपराच्या जरा वर हाड मोडते, तिथे हा धोका फार मोठा, कारण हाताची मुख्य धमनी त्या तुटलेल्या टोकाला लागूनच जाते.

आणि या धोक्याची पहिली खूण कोणती? वेदना. दुखापतीच्या मानाने फार जास्त, बांधल्यावर कमी होण्याऐवजी वाढत जाणारी वेदना. दुसऱ्याने बोटे हळूच सरळ केली तरी पोर किंचाळते. मग मुंग्या, बधिरपणा. बोटे थंड आणि फिकट पडणे, नाडी लागेनाशी होणे, ही लक्षणे येईपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. बरे, नाडी लागते म्हणून निश्चिंत राहावे, असेही नाही.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी हा मुलगा पाचवीत होता. ईदगाहजवळच्या चिंचेवरून पडला आणि उजव्या कोपराच्या वर हाड मोडले. तालुक्याच्या गावी हाडांचा डॉक्टर नाही. जिल्ह्याला जायचे तर बापाचा दिवस बुडणार, गाडीभाडे, एक्स-रे. शेजाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे त्याला हाडवैद्याकडे नेले. त्याने हाड ओढून बसवले, लेप लावला आणि बांबूच्या कांबी करकचून बांधल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भेटायला गेलो. त्याची अम्मी दारातच म्हणाली, "सर, रातभर रोया. जरा भी नै सोया." मी आत गेलो. पट्टीबाहेर आलेली बोटे सुजून तकतकीत झाली होती. मी ती हातात घेतली, तर थंड लागली आणि पोरगा ओरडला. आणि मी, बी.एड. झालेला शिक्षक, त्याला म्हणालो, "हाड जुळताना दुखतंच बेटा. सब्र कर. मर्द बन."

माझ्यावर विश्वास ठेवून त्याने सब्र केला. पाच आठवड्यांनी पट्टी निघाली तेव्हा हाड जुळले होते आणि बोटे मिटली होती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी पाहिले आणि फोल्कमनचे नाव घेतले. ते नाव मी तेव्हा प्रथम ऐकले.

ज्या वर्गात त्याचा पाचवीचा बाक होता, त्याच्या भिंतीवर इब्न सिनाचे चित्र आहे. ते मीच लावले होते. गॅदरिंगला 'मुसलमानांची विज्ञानाला देणगी' या विषयावर मुलांची भाषणे मीच लिहून देतो. 'कानून'चे किती खंड, ते युरोपात किती शतके शिकवले, हे सगळे मुलांना तोंडपाठ आहे. पण त्यातले पाच दिवसांचे एक वाक्य मला माहीत नव्हते. ज्या पुस्तकाचा अभिमान होता ते मी उघडले नव्हते. अल्-जहरावीने ज्यांच्याबद्दल तक्रार केली होती, त्यांत माझाही नंबर लागतो.

पूर्वजांचा अभिमान वाईट नाही. पण अभिमानाने बोटे सरळ होत नाहीत. बगदादच्या त्या लोकांनी ग्रीकांचे घेतले, हिंदुस्थानचे घेतले, तपासले आणि पुढे नेले. त्यांचा वारसा सांगायचा तर आपणही आजची विद्या घेतली पाहिजे, मग ती हालेची असो की जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याची. इब्न सिनाजवळ एक्स-रे नव्हता. असता तर त्याने तो नक्की वापरला असता.

म्हणून वाचकांना हात जोडून एवढेच सांगतो. पोराचा हात मोडला तर हात हलणार नाही असा सैलसर आधार द्या आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. पट्टी कुणीही बांधलेली असो, हाडवैद्याने की सर्जनने, वेदना वाढत गेली, बोटे सुजली, बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच पट्टी सैल करून घ्या आणि डॉक्टरला उठवा. वेळेत आवरणाला चीर देऊन दाब मोकळा केला तर हात वाचतो. आणि रडणाऱ्या पोराला सब्र शिकवू नका. त्याचे रडणे हीच तपासणी आहे.

तो मुलगा आता डाव्या हाताने लिहितो. उर्दू उजवीकडून लिहितात, त्यामुळे त्याची उर्दूची वही स्वच्छ असते. मराठी लिहिताना मात्र हात ओल्या शाईवरून फिरतो आणि अक्षरे पुसली जातात. परवा बीजगणिताच्या तासाला त्याने विचारले, "सर, जब्र म्हणजे जोडणं, तर मग उर्दूत जुलूम का म्हणतात?"

मी त्याला सगळे खरे सांगितले. माझ्या वाक्यासकट. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग वही पुढे सरकवून म्हणाला, "हे उदाहरण बरोबर आलं का बघा."

बरोबर होते.